एसएसडी आणि हार्ड डिस्क एकत्र कशी वापरायची

सरळ हिशोब असा की विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवर (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) आणि फोटो, सिनेमे, जुन्या फाईली हार्ड डिस्कवर. विंडोज टाकताना मात्र हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेवा, हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण दोन्ही जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटचं पार्टिशन (डिस्कचा जो भाग पीसी चालू करतो तो) हार्ड डिस्कवर टाकतो आणि मग पुढे ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. इन्स्टॉल झालं की पीसी बंद करून केबल जोडा. डिस्क नवी असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट टूलमध्ये जाऊन जीपीटी निवडा (जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, एमबीआरमध्ये २ टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही) आणि फॉरमॅट करा, जुनी असेल आणि आत डेटा असेल तर फॉरमॅटला हात लावू नका.

मग डाउनलोड्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथून ते हार्ड डिस्कवर हलवा. प्रोग्राम फाइल्स फोल्डर मात्र असा हलवायचा नाही, सॉफ्टवेअर बिघडतात. एम डॉट टू एसएसडी (थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी) लावली आणि हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ती जागा) बंद होतो, केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम झालं.