डोंगराच्या कुठल्या अंगाला आहात ते आधी बघा: मॉरिशसमधल्या भाजीवाल्यांसाठी वादळाआधीची तयारी

मंडळी, आमच्या एका घरात सध्या तीन वेगवेगळे ऑक्टोबर चालू आहेत. मी राहते मधल्या पठारावर, वाकुआच्या वरच्या अंगाला, इथे पहाटे अजून स्वेटर लागतो आणि दोन-तीन दिवसांनी भुरभुर येऊन जाते. दिराचा मळा पश्चिमेला रिव्हिएर नुआरकडे, गाडीने पाऊण तास पण लागत नाही, तिथे माती अशी कोरडी की कुदळ मारली की धूर उडतो. आणि नणंद पूर्वेला फ्लॅकला, तिथे दोन्हीच्या मधलं काहीतरी, पण वारा कायम तोंडावर. तिघांचा मिळून एक वॉट्सॅप ग्रुप आहे आणि त्यात रोज भांडण एकच, "आज भेंडी टाकू का?" उत्तर तिघांना तीन द्यावं लागतं. म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, बाकीच्यांनाही उपयोग होईल, खास करून आपल्याकडून नवीन आलेल्यांना, जे अजून रत्नागिरीच्या कॅलेंडरवर शेती करतात. (मीही केलीय. २००९ ला लग्न होऊन आले आणि पुढच्या जूनमध्ये मोठ्या हौसेने काकडी-दोडका टाकला, मृग लागला ना! सासऱ्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, नुसते हसले. वेल वीतभर वाढले आणि थंडीने तिथेच बसले.)

तर पहिली गोष्ट, आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत. इथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पाऊसही त्यातच. मे ते ऑक्टोबर गार आणि त्यामानाने कोरडा. गणपतीत तिकडे चिखल असतो, इथे थंडी असते. आंबा तिकडे एप्रिल-मेमध्ये, इथे नोव्हेंबरपासून पुढे. तेव्हा आईला फोन करून "काय पेरू आता" विचारायचं बंद करा, सहा महिने पुढेमागे करून ऐका.

दुसरी गोष्ट, आणि तीच खरी. हे बेट केवढंसं, १,८६५ चौरस किलोमीटर, रत्नागिरी जिल्ह्याचा पाव भाग पण भरत नाही, पण मधोमध पठार आहे, तीनशे ते सहाशे मीटर उंचीचं, आणि आग्नेयेकडून जवळजवळ वर्षभर समुद्राचा वारा येतो. तो दमट वारा पठार चढतो, गार होतो, पाऊस तिथेच टाकतो. म्हणून वर क्यूरपीपच्या बाजूला वर्षाला साधारण ४,००० मिमी, पूर्वेच्या किनाऱ्याला दीड हजाराच्या आसपास, आणि पलीकडे पश्चिमेला उतरेपर्यंत वाऱ्याकडे काही उरतच नाही, तिथे ९०० वगैरे. आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, महाबळेश्वर आणि फलटण डोळ्यासमोर आणा, फक्त इथे ते अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. त्यामुळे "मॉरिशसमध्ये पाऊस किती" ह्या प्रश्नाला अर्थ नाही. देशाची सरासरी २,००० मिमी सांगतात, त्या सरासरीवर एक मुळा पण पिकत नाही.

आता कामाचं.

पश्चिमेवाले, म्हणजे रिव्हिएर नुआर, कास्काव्हेल, पोर्ट लुईच्या खालच्या बाजूचे. कास्काव्हेलकडे आपली जुनी मराठी घरं आहेत, एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून आलेल्या मजुरांची पुढची पिढी, आणि त्यातल्या म्हाताऱ्यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहिते. ऑक्टोबर सगळ्यात कोरडा महिना, आणि नोव्हेंबर लागला म्हणजे पाऊस आलाच असं नाही, बऱ्याचदा डिसेंबरअखेर किंवा जानेवारी उजाडते. मार ओ वाकुआ हा सगळ्यात मोठा तलाव, तो ह्या दिवसांत उतरलेला असतो, नळाचे तास कमी होतात. म्हणून आत्ता मोठं क्षेत्र अंगावर घेऊ नका. जेवढ्याला टाकीतलं पाणी रोज पुरेल तेवढेच वाफे. ठिबक असेल तर पहाटे सोडा, दुपारी सोडलेलं अर्धं पाणी सूर्य पितो. आणि पाचट! ऊसतोड जूनपासून चालू आहे, डिसेंबरपर्यंत चालेल, शेजारच्या उसाच्या रानात पाचटाचे ढीग पडलेत, विचारून उचलून आणा आणि वांगी-मिरचीच्या बुडाशी चार बोटं थर द्या. फक्त खोडाला चिकटवू नका, गोगलगायी तिथेच मुक्काम करतात. नदीतून पंप लावायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या, नदी आपल्या बांधाला लागून आहे म्हणून पाणी आपलं होत नाही.

पठारावरच्यांचं दुखणं उलटं. पाणी भरपूर पण माती धुपून धुपून आंबट झालेली, वरचा चुना सगळा खाली वाहून गेलेला. पूर्वी लोक लगूनमधली (किनारा आणि प्रवाळाची रांग ह्यांच्या मधलं उथळ पाणी) प्रवाळाची वाळू आणून शेतात टाकायचे, २००१ पासून ती काढायलाच बंदी आहे, आणि बरंच झालं, किनाऱ्याची हाडंच होती ती. आता माती तपासून, लागेल तेवढाच चुना विकत आणून टाका, तोही लागवडीच्या महिनाभर आधी आणि खतासोबत एकत्र नको. कोबी, फ्लॉवर, लेट्यूस उन्हाळ्यात जमेल तर इथेच जमेल, खाली किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे चार-पाच डिग्री कमी असतं. टोमॅटो, म्हणजे इथला पॉमदामूर, उन्हाळ्यात खाली लावला की मर रोगाने झोपतो, वर निभावतो, पण गादीवाफा उंच करा, फूटभर तरी.

पूर्वेवाल्यांना पाणी-माती ठीक, त्रास वाऱ्याचा. भेंडी, कारलं, दुधी, दोडका हे सगळं नोव्हेंबरमध्ये टाकायला हरकत नाही. (बाजारात दोडक्याला पिपंगाय म्हणतात, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, दुकानात "दोडक्याचं बी द्या" म्हणाल तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.) वेलवर्गीयाला फळमाशी उन्हाळ्यात प्रचंड, कामगंध सापळे (वासाने माशी ओढून पकडणारे) फूल यायच्या आधी लावा, फळं सडायला लागल्यावर नाही. आणि किडकी फळं बांधावर फेकू नका, हातभर खोल पुरा. एकाने फेकली की आजूबाजूच्या दहा जणांच्या मळ्यात माशी.

कांदा-बटाटा हिवाळ्यातलाच, तो बहुतेकांचा निघाला असेल. हवेशीर जागी ठेवा, पाऊस चालू झाला की कोंदट खोलीत आठवड्यात कोंब.

आता वादळ. सीझन १ नोव्हेंबर ते १५ मे असा धरतात, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी जास्त वाईट. १९६० ला कॅरॉल वादळ आलं तेव्हा ताशी २५६ किमीचे झोत मोजले होते, १९७५ च्या जर्व्हेझला २८० चे. सासरे कॅरॉलबद्दल सांगतात तेव्हा आवाज खाली जातो त्यांचा. बेटावर सगळीकडे ऊस का, ह्याचं अर्धं उत्तर त्यात आहे, ऊस आडवा होतो पण मरत नाही, परत उठतो. भाजी उठत नाही. आपल्याकडे २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात सुपारीच्या बागाच्या बागा झोपवल्या, ते ज्यांनी बघितलंय त्यांना समजावायला नको.

वादळाच्या वॉर्निंगचे क्लास १ ते ४. क्लास १ लागतो तेव्हा ताशी १२० किमीचे झोत यायला साधारण ३६ ते ४८ तास असतात, आणि शेतकऱ्याचं सगळं काम ह्याच तासांत. क्लास २ ला हात आवरते घ्या, क्लास ३ ला मळ्यात जायचंच नाही, मग कितीही महागाचं पीक असो. लोक क्लास १ ला "अजून वेळ आहे" म्हणून चहा पितात, तीच चूक. त्यातून वाऱ्याची दिशा फिरते हे नीट समजून घ्या: वादळ आपल्या उत्तरेकडून गेलं तर वारा आधी आग्नेयेचा, मग पूर्वेचा, मग ईशान्य-उत्तरेचा होत जातो, दक्षिणेकडून गेलं तर फिरायची दिशा उलटी. म्हणजे नेहमीच्या वाऱ्याला धरून एकाच बाजूला बांधलेली ताटी अर्ध्या वाटेत निकामी. डोंगराआड आहोत म्हणून पश्चिमेवाले जे निवांत असतात ना, त्यांच्याकडे शेवटच्या टप्प्यात थेट समुद्राकडूनच मारतो. तेव्हा मांडवाला ताण चारी बाजूंनी द्या.

क्लास १ ला काय करायचं ते माझ्या क्रमाने: तयार झालेली केळी-पपई काढून घ्या, अर्धवट असली तरी. बाकी केळीची मोठी पानं निम्मी छाटा म्हणजे शिडासारखी वारा धरणार नाहीत, टेकू घट्ट करा. पॉलिहाऊसचा कागद काढून गुंडाळून ठेवा, सांगाडा वाचला की कागद नवीन येतो, उलटं होत नाही. रोपांचे ट्रे घरात. पंपाची मोटर सोडून उंच जागी. टाकी भरून ठेवा, रिकामी टाकी उडते, आमची उडाली होती आणि शेजाऱ्याच्या आंब्यात सापडली. बियाणं डबाबंद कोरड्या जागी, ह्याच्यावर खाली बोलते.

आणि लिचीवाल्यांनो, जाळी! नोव्हेंबर-डिसेंबरला फळ, इथली मोठी वटवाघळं फक्त ह्याच भागातल्या बेटांवर आहेत, त्यांना मारण्यावरून किती वाद झाला ते माहितीय सगळ्यांना, मला विचाराल तर जाळीच बरी, झाड वाचतं आणि वटवाघूळही. पण तोडणी झाली की जाळी त्याच आठवड्यात उतरवा. एका वर्षी मी जाळी "पुढच्या रविवारी काढू" म्हणून ठेवली, वादळ पण नव्हतं मोठं, नुसता जोराचा वारा, जाळीने फांद्याच ओढून फाडल्या. दोन वर्षं फळ नाही त्या झाडाला.

पावसाला वादळच लागतं असं पण नाही. २०१३ च्या मार्चअखेर पोर्ट लुईत नुसत्या मुसळधार पावसाने ११ माणसं गेली, आणि वादळाबरोबर पाऊस आला की काय होतं, तर २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळाच्या वेळी रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. म्हणून चर आत्ताच साफ करा, माती कडक असली तरी. उतारावर सऱ्या आडव्या, वरून खाली नाहीत. वरची चांगली माती एकदा गेली की ती थेट लगूनमध्ये, आणि तिथे प्रवाळावर बसते, म्हणजे आपलंही नुकसान आणि मासे धरणाऱ्याचंही. युरिया पावसाच्या तोंडावर टाकू नका. इथला दगड सच्छिद्र आहे, आज टाकलेलं उद्या जमिनीत उतरतं, आणि पिण्याचं निम्म्याच्या आसपास पाणी आपण त्याच जमिनीतून उपसतो.

दगडावरून आठवलं. मळ्यात कुदळ दगडावर आपटली की मी शिव्या घालायचे, मग कळलं की सह्याद्रीचा काळा पाषाण आणि हा दगड एकाच चुलीतला. पृथ्वीच्या पोटातली एकच गरम जागा, ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिच्यावरून भारत जात होता तेव्हा दख्खनचा लाव्हा आला, मग मालदीवकडची रांग, गेल्या ऐंशी-नव्वद लाख वर्षांत मॉरिशस, आणि आत्ता ती शेजारच्या रियुनियन बेटाच्या खाली जळतेय. तेव्हापासून शिव्या कमी केल्यात. उसाच्या रानात ते दगडांचे पिरॅमिड दिसतात ना, ते पिढ्यान्‌पिढ्या वेचून रचलेत, त्यातले काही आपल्याच माणसांनी. बाकी ह्या देशात तेल नाही, कोळसा नाही, खनिज काढून विकावं असं काही नाही. आहे ती ही दगडातली माती, वरून पडणारं पाणी आणि चहूबाजूंचा समुद्र.

वादळ गेल्यावर: पहिल्या चोवीस तासांत साचलेलं पाणी काढा, बाकी सगळं नंतर. किनाऱ्याजवळ असाल तर पानांवर खारं बसतं, गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर दोन दिवसांत पानं करपल्यासारखी होतात. मोडलेली केळ बुडाशी कापा, एक जोमदार मुनवा ठेवा. हलून गेलेल्या वांगी-मिरचीला मातीची भर द्या, बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) एक फवारणी, खत लगेच नको, मुळं तुटलेली असतात. आणि ते डबाबंद बियाणं: कोथिंबीर, मुळा, मेथी, लाल माठ, इथल्या भाषेत ब्रेड (पाव नाही, पालेभाजी) म्हणून जे काय खातात ते सगळं. वादळानंतर बाजारात हिरवं पानसुद्धा मिळत नाही, भाव वाटेल तिथे जातात, जो पहिल्या चार दिवसांत पेरतो त्याचा माल महिना-सव्वा महिन्यात सगळ्यांच्या आधी. पण त्या वेळी दुकानातही बी संपलेलं असतं, म्हणून आत्ताच घेऊन ठेवा, दोन वाफ्यांपुरतं तरी.

रॉड्रिग्ज बेटावर कुणी असेल तर तुमचं गणित वेगळं, तुम्ही साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, बऱ्याच वादळांचा पहिला फटका तुम्हाला आणि पाणी आमच्याहून कमी, छपरावरचं पाणी साठवायच्या टाक्या आत्ताच घासून ठेवा.

दिराचा आत्ताच परत मेसेज आलाय, "वहिनी, ढग दिसतायत, भेंडी टाकू?" त्याला म्हटलं ढग आमच्याकडचे आहेत, तुझ्याकडे येईपर्यंत रिकामे होतील. टाकी किती भरलीय ते सांग आधी.