बोर्ड, सीईटी, नीट, शिष्यवृत्ती: एकीची सवय दुसरीला लावू नका

नाशिकमध्ये दहावी संपली की राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई या तिन्ही बोर्डांची मुलं कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये एकाच बाकावर येतात आणि टेस्ट सिरीजही एकच सोडवतात. अभ्यास झालेला असतो. तरीही गुण जातात, कारण एका परीक्षेचा नियम दुसरीला लावलेला असतो.

सीईटीची ‘बारावी’ कोणाची?

एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेशाच्या परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही बारावी राज्य मंडळाची, हे सीबीएसईतली मुलं विसरतात आणि चूक महागात पडते. रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे धडे एनसीईआरटीत (सीबीएसईच्या पुस्तकांत) अकरावीला आहेत, राज्य मंडळात बारावीला. ‘अकरावीला फक्त २० टक्के’ म्हणून जे मागे टाकलं, ते सीईटीत ८० टक्क्यांच्या गठ्ठ्यात येऊन बसतं. रसायनशास्त्रात आयोनिक इक्विलिब्रियाचं तेच. सॉलिड स्टेट एनसीईआरटीतून वगळलं गेलं, राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र आहे. गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन सीबीएसईच्या मुलांनी बहुधा पाहिलेलेही नसतात.

उपाय: राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकांची अनुक्रमणिका आणि एनसीईआरटीच्या दोन्ही वर्षांची अनुक्रमणिका शेजारी ठेवा. जुळत नाहीत त्या धड्यांवर खूण करा आणि ते राज्य मंडळाच्याच पुस्तकातून वाचा, स्वाध्यायासकट. एका संध्याकाळचं काम आहे, पण ते ऑक्टोबरच्या आत करा. मार्चमध्ये ही यादी हातात आली तर नुसती धाकधूक वाढते.

रिकामं सोडणं

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. मेडिकल प्रवेशाच्या नीटची तयारी करणारी मुलं इथेही संशय आला की प्रश्न सोडून देतात. गणितात प्रत्येक प्रश्नाला २ गुण. दहा प्रश्न कोरे सोडले तर शून्य, डोळे मिटून ठोकले तरी सरासरीने ५ गुण येतात. शेवटची दोन मिनिटं फक्त उरलेले पर्याय भरण्यासाठी राखून ठेवा.

नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. चारातला एकही पर्याय बाद करता येत नसेल तर ठोकण्यात सरासरी फायदा जेमतेम पाव गुणाचा, आणि तोही नशिबावर. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर तोच फायदा दीड गुणाचा होतो. ‘नीटमध्ये अंदाज नकोच’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांनाही निगेटिव्ह आहे. ‘पर्याय नाहीत म्हणजे धोका नाही’ हा समज जुना झाला.

नव्वद मिनिटांचं कुलूप

सीईटीत पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, पुढची ९० गणिताची किंवा बायोलॉजीची. पहिला भाग बंद झाला की परत उघडत नाही. पहिल्या भागात १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, गणितात १०८. जेईईची मुलं दर प्रश्नाला जवळपास अडीच मिनिटांच्या चालीने येतात आणि केमिस्ट्रीचे पंधरा-वीस प्रश्न न वाचताच भाग बंद होतो. आधी केमिस्ट्री ३५ मिनिटांत उरका, मग फिजिक्स. सराव करताना घड्याळाचा गजर खरोखर ९० मिनिटांवर लावा आणि तो वाजला की पेन खाली ठेवा.

ओएमआर

ओएमआर म्हणजे वर्तुळं भरून उत्तरं द्यायचा कागद. एक प्रश्न सोडला की पुढचं उत्तर त्याच्याच ओळीत भरलं जातं आणि तिथून सगळं एक ओळ सरकतं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहा. वर्तुळं शेवटी एकदम भरायची ठरवलीत तर नीटच्या १८० वर्तुळांना सहज १२-१५ मिनिटं जातात, म्हणून पान उलटण्याआधी त्या पानाची भरा.

नीटमध्ये दोन वर्तुळं भरली तर उत्तर चूक. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत (२०२५-२६ पासून पाचवी-आठवीऐवजी ती चौथी-सातवीला घ्यायचं ठरलं) मात्र उलटं होतं: प्रत्येक विषयात कमाल २० टक्के प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही नोंदवावे लागत. पाचवीला शिष्यवृत्ती मिळवलेलं मूल एकच गोल करून मोकळं होई. ‘अचूक दोन पर्याय निवडा’ हे शब्द दिसले की त्याखाली रेघ मारायची सवय लावा.

सीईटीवाले बोर्डात

सीबीएसईत पेपर वाचायला आधी १५ मिनिटं मिळतात. राज्य मंडळात सध्या जादा १० मिनिटं शेवटी असतात, सुरुवातीला वाचनवेळ नाही. बारावी फिजिक्समध्ये बहुपर्यायी प्रश्नाला नुसतं ‘ब’ लिहून भागत नाही. अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, आणि पहिलाच प्रयत्न तपासला जातो. खोडून पुन्हा लिहिलेलं वाया. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पर्याय पाहून अंदाजे उत्तर काढणाऱ्यांचे हात इथे अडखळतात, म्हणून डिसेंबरपासून रोज दोन गणितं लॉग टेबलने पूर्ण सोडवा.

भाषा आणि केंद्र

सीईटीत गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. नीटचा फॉर्म भरताना दहावी मराठी माध्यमातून झाली म्हणून घाईने मराठी निवडू नका. दोन वर्षं ‘डिफ्रॅक्शन’ म्हणत शिकलेल्याला पेपरात ‘विवर्तन’ दिसलं की थबकायला होतं. प्रश्नात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

नीटचा पेपर दोनला, दार दीडला बंद. केंद्र आडगावला किंवा सिन्नरच्या बाजूला आलं असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन या. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ता कुठे वळवलेला असेल, ते गुगल मॅप वेळेवर सांगेलच असं नाही.