वेगळ्या पिंपात मुरलेली व्हिस्की कशी चाखावी

रेड वाइन, पोर्ट (पोर्तुगालची गोड वाइन), रम किंवा स्टाउट बिअरच्या रिकाम्या पिंपात शेवटचे काही महिने काढलेल्या व्हिस्की आता आपल्याकडच्या चांगल्या दुकानांतही दिसू लागल्या आहेत आणि त्या कशा चाखाव्यात याचा सल्लाही उदंड मिळतो. त्यातला बराचसा सल्ला ग्लास कसा फिरवावा आणि घोट तोंडात किती सेकंद धरावा एवढ्यावरच संपतो. खरी अडचण निराळीच आहे. जी चव लागली ती त्या शेवटच्या पिंपाची आहे, मूळ व्हिस्कीची आहे, की लेबल वाचून आपल्या मनानेच ती तयार केली आहे, हे ओळखता आले नाही, तर महागडी बाटली घेऊन आपण केवळ लेबलावरचा मजकूर चाखत बसतो.

हा प्रकार नेमका काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे एकदाच वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिंपे जगभर विकली जातात आणि बहुतेक सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतल्या, बार्लीच्या माल्टपासून केलेल्या व्हिस्की) त्यांतच वर्षे काढतात. नंतर हीच व्हिस्की दुसऱ्या पिंपात हलवली की त्याला फिनिश म्हणतात. बाल्व्हेनी या स्कॉटिश डिस्टिलरीचे डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजवली. त्यांच्या डबलवूडमधली व्हिस्की बारा वर्षांनंतर सुमारे नऊ महिने ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात राहते. स्कॉचचे नियम २०१९ साली सैल झाले आणि टकीला, मेझकाल, काल्वादोस अशा इतर मद्यांच्या पिंपांनाही वाट मिळाली. आपल्याकडे ‘रामपूर असावा’ ही व्हिस्की भारतीय काबर्ने सोव्हिन्याँ वाइनच्या पिंपात फिनिश होते.

बाटल्या जोडीने घ्या

एकटी बाटली चाखून फिनिश कळत नाही. त्याच डिस्टिलरीची, फिनिश न केलेली बाटली शेजारी हवीच, आणि याबाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. सुरुवातीला साधी जेमसन ही आयरिश व्हिस्की आणि जेमसन कास्कमेट्स स्टाउट ही जोडी सर्वांत सोयीची आहे. जेमसनची पिंपे कॉर्क शहरातल्या फ्रान्सिस्कन वेल या ब्रुअरीकडे गेली, तिथे त्यांत स्टाउट मुरली, आणि परत आलेल्या पिंपांत पुन्हा व्हिस्की भरली गेली, अशी या कास्कमेट्सची कुळकथा आहे. गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची ब्रिलियन्स आणि पीएक्स ही पुढची जोडी. ब्रिलियन्स फक्त बर्बनच्या पिंपातली आहे, तर पीएक्सला पेद्रो हिमेनेझ या अतिगोड शेरीच्या पिंपाची जोड मिळालेली आहे. बाटल्या मित्रांमध्ये वाटून घ्या, म्हणजे खर्च हलका होतो.

तयारी

महाराष्ट्रात पंचविशी ओलांडलेली आणि परमिट घेतलेली मंडळीच हवीत. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, ग्लास ट्यूलिपसारखे निमुळत्या तोंडाचे, नमुना २० मिलीचा आणि नमुने जास्तीत जास्त तीन. घरात फोडणी, उदबत्ती किंवा अत्तर यांपैकी कशाचाही वास नको. बर्फ आणि चकणा यांचा इथे काही संबंध नाही. घरी परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी.

झाकून चाखणे, आणि तेही समान तीव्रतेवर

मी सर्वांत जास्त अडखळलो तो इथेच, म्हणून या टप्प्यावर जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राच्या घरी रेड वाइनच्या पिंपातली एक व्हिस्की आणि तिचे साधे भावंड असा बेत होता. बाटल्या टेबलावर होत्या आणि वहिनींनी स्वयंपाकघरातून दोन ग्लास भरून आणले. पहिला ग्लास वाइनच्या पिंपातला, असे मी गृहीत धरले आणि वहीत पानभर लिहून काढले: जांभूळ, काळी द्राक्षे, शेवटी सालीचा तुरटपणा. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, तो साधा आहे. वाइनचा ग्लास तुमच्या उजव्या हाताला आहे.’’ त्या साध्या व्हिस्कीत जांभूळ कुठेच नव्हते, तरीही त्या पाच मिनिटांत मला ते अगदी खरोखर जाणवले होते. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

तेव्हापासून मी तीन ग्लासांची पद्धत पाळतो. दोन ग्लासांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, असे चाखणाऱ्याखेरीज कोणीतरी भरावे, ग्लासच्या तळाला चिठ्ठी चिकटवावी, आणि आपण फक्त वेगळा ग्लास कोणता ते सांगावे. वाइनची पिंपे व्हिस्कीला लालसर झाक देतात, आणि स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, म्हणून रंग दिसता कामा नये. ग्लासभोवती जाड काळा कागद गुंडाळावा. एकदा बरोबर आले, तर तो योगायोग असू शकतो, कारण अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतेच. वेगवेगळ्या दिवशी तीनदा बरोबर आले, तर मात्र तुम्हाला काहीतरी निश्चित कळले आहे असे समजा, कारण नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सत्तावीसात एक असते.

एवढे करूनही मी आणखी बरेच दिवस चुकतच होतो. फिनिश केलेली व्हिस्की मला दर वेळी अधिक भरदार, मसालेदार आणि तिखट वाटायची, आणि ते श्रेय मी पिंपाला देऊन मोकळा व्हायचो. कारण अगदी साधे होते. साधी बाटली ४० टक्क्यांची होती आणि फिनिशची ४६ टक्क्यांची, म्हणजे मी पिंपांची नव्हे, तर अल्कोहोलच्या प्रमाणाची तुलना करत होतो. त्यामुळे चाखण्याआधी दोन्ही नमुने समान तीव्रतेवर आणणे अपरिहार्य आहे. व्हिस्कीच्या मिलीला तिच्या टक्केवारीने गुणावे, हव्या त्या टक्केवारीने भागावे, आणि मूळ मिली वजा करावेत. उरेल तेवढे पाणी घालायचे. ४६ टक्क्यांची २० मिली व्हिस्की ४० टक्क्यांवर आणायला ३ मिली पाणी लागते. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या ५७.१ टक्क्यांच्या इंटरमीडिएट शेरीला तेवढ्याच २० मिलीसाठी साधारण साडेआठ मिली लागेल. औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. ‘‘दोन थेंब पाणी घाला’’ हा सल्ला मी कधीच देत नाही, कारण कोणाचे दोन थेंब किती, हे कोणालाच ठाऊक नसते. पाणी क्लोरीनचा वास नसलेले आणि खोलीच्या तापमानाचे असावे. ते घातल्यावर दहा मिनिटे ग्लास झाकून ठेवावा, कारण पाण्याने तीव्रताच नव्हे, तर वर येणारे वासही बदलतात. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावरच्या प्रारूपातून असे दाखवले की, पाणी वाढले की धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो.

वास आणि घोट

ग्लास ओठांच्या उंचीवर धरावा, तोंड किंचित उघडे ठेवावे आणि वास हळूच येऊ द्यावा. नाक ग्लासात खुपसले, तर अल्कोहोलच्या झोताने ते काही मिनिटे बधिर होते. मधूनमधून कॉफीच्या बिया हुंगण्याची प्रथा सोडून द्यावी आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा. घोट लहान असावा.

तोंडात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. अमेरिकन ओक ओल्या खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा गोडवा देतो, तर युरोपियन ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य अधिक असल्याने कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा हिरड्यांवर राहतो. वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीचा तुरटपणा पुष्कळदा द्राक्षांचा नसून या लाकडाचा असतो. त्यातही काही डिस्टिलऱ्या वाइनचे पिंप आतून तासून, शेकून, पुन्हा जाळून घेतात. तैवानच्या कावालान डिस्टिलरीसाठी व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांनी हीच पद्धत वापरली होती. अशा पिंपातून वाइनपेक्षा शेकलेल्या लाकडाचाच खमंगपणा अधिक येतो, म्हणून लेबलावर वाइन लिहिले आहे एवढ्यावरून द्राक्षे शोधत बसू नये.

नोंदी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. ब्लॅककरंट हे फळ किंवा हेदर हे फुलझाड आपल्यापैकी बहुतेकांनी कधी हुंगलेलेही नसते. पेद्रो हिमेनेझच्या पिंपासाठी काकवी, सुके अंजीर आणि खारीक हे शब्द नेमके बसतात, आणि ओलोरोसोसाठी अक्रोड व मनुका. जुन्या ओकसाठी जायफळ. आमसुलाचा आंबट तुरटपणा मला पोर्टच्या काही पिंपांत स्पष्ट सापडतो, आणि तो शब्द इंग्रजी नोंदींत असूच शकत नाही.

फिनिश जमले की नाही

माझी कसोटी एकच आहे: फिनिशमधून मूळ व्हिस्की अजून ओळखू येते का? साधी बाटली चाखताना टिपलेल्या तीन ठळक गोष्टींपैकी निदान दोन तरी फिनिशच्या ग्लासात सापडल्या पाहिजेत. नुसते शेरीचे सरबत लागत असेल, तर पिंपाने व्हिस्की गिळली आहे, आणि किंमत कितीही असो, मी ती जमली असे म्हणणार नाही. उष्ण प्रदेशातल्या व्हिस्कीबाबत ही तपासणी अधिक कडक करावी. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते, गोव्यात सुमारे ८ टक्के आणि बेंगळुरूत त्याहूनही जास्त, आणि त्याच उष्णतेने लाकूडही वेगाने उतरते. तिथे दोन-चार महिने जास्त झाले, तरी तोल जाऊ शकतो.

शेवटी ग्लास धुवू नयेत. उरलेले थेंब तसेच सुकू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी प्रत्येक रिकाम्या ग्लासाचा वास घ्यावा. अल्कोहोल आणि हलके फळांचे वास तोवर उडून गेलेले असतात. मागे राहतो तो लाकडाचा, धुराचा आणि काकवीसारख्या जड गोडव्याचा वास. तो वहीत आदल्या दिवशीच्या नोंदीखाली लिहावा आणि मगच तळाच्या चिठ्ठ्या काढाव्यात.