सिडमथच्या लोकसंगीत महोत्सवात बिअर कशी प्यावी

इंग्लंडच्या डेव्हनमधला हा महोत्सव ऑगस्टच्या सुरुवातीला, आठवडाभर चालतो. गावात रेल्वे नाही; होनिटनला उतरा किंवा एक्झेटरहून बस धरा. परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा.

पिंपातली एल (पारंपरिक इंग्लिश बिअर) ११ ते १३ अंशांवर देतात. ती ‘गरम’ वाटली तरी बिघडलेली नसते, तशीच देतात. बर्फ मागू नका. पाइंट म्हणजे ५६८ मिली. चार-पाच प्रकार चाखायचे तर तिसरा हिस्सा, म्हणजे १८९ मिली मागा. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण अर्धा पाइंट हमखास मिळतो. ४ टक्क्यांच्या एका पाइंटात अल्कोहोलची सुमारे २.३ युनिट्स (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) होतात, तेव्हा दुपारपासून सुरू असाल तर मधे पाणी हवंच. पिंप उघडलं की एल तीनेक दिवसच टिकते. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर (मुद्दाम आंबट केलेली बिअर वेगळी) ग्लास निमूट परत करा, बहुतेक ठिकाणी बदलून देतात.

पबमध्ये वादक गोलात बसले असतील तर रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसू नका, ती बहुधा वाजवणाऱ्याचीच असते. ग्लास फिडलच्या (व्हायोलिनच्या) गजापासून लांब ठेवा.