एक्सेलमध्ये 'मराठी' निवडली, तरी स्क्रीन रीडर अडखळतोय? या चुका टाळा

फाइल मराठीत, फॉन्ट सुबक, ॲक्सेसिबिलिटी चेकरची एकही तक्रार नाही. आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याच्या कानावर पडतंय ते ना मराठी, ना इंग्रजी. अंध वापरकर्त्यांना अडेल असं काही फाइलीत आहे का हे तपासणारा हा चेकर विलीन केलेले सेल आणि चित्रांना वर्णन आहे का, असल्या गोष्टी बघतो. मजकूर कोणत्या भाषेत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तारखेची भाषा म्हणजे मजकुराची भाषा नव्हे

कंट्रोल+१ दाबायचं, नंबर टॅबमधल्या डेटखाली लोकेल (प्रदेश-भाषेची पद्धत) मराठी करायचं आणि 'भाषा सेट केली' म्हणून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची लाडकी चूक. त्याने फार तर महिन्याचं नाव मराठीत दिसेल. शेजारच्या सेलमधलं 'ग्रामपंचायत' कोणत्या भाषेतलं आहे, हे त्या खिडकीला ठाऊकच नसतं. गूगल शीट्समध्येही फाइल, सेटिंग्ज, लोकेल हा रस्ता तारीख, चलन आणि आकड्यांच्या मांडणीपुरताच आहे. डॉक्सच्या फाइल मेन्यूत लँग्वेज आहे, शीट्सच्या नाही. शोधत बसू नका.

मग कोणीतरी एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लँग्वेजखाली मराठी जोडतो. ती त्याच्या संगणकापुरती राहते, फाइलीबरोबर जात नाही. वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये निवडलेल्या वाक्याला भाषा लावता येते. एक्सेलमध्ये सेलच्या मजकुराला तशी खूण लावायची सोयच नाही, कारण एक्सएलएसएक्सच्या, म्हणजे एक्सेलच्या फाइल प्रकाराच्या, रचनेत तिला जागा ठेवलेली नाही. हे एकदा मान्य केलं की मेन्यू धुंडाळण्यातला बराच वेळ वाचतो.

लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटमध्ये अशी जागा आहे, पण तिथेही लोक नंबर टॅबमधल्या लँग्वेजवरच थांबतात. ती पुन्हा आकड्यांचीच. आधी टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक करा आणि तिथे मराठी निवडा. 'फक्त याच दस्तऐवजासाठी' हा पर्यायही त्याच पानावर आहे. देवनागरी या गटात मोडते. वेस्टर्न रकान्यात काहीही निवडलं तरी तिला फरक पडत नाही. मग सेल निवडून कंट्रोल+१ आणि फॉन्ट टॅब. तिथे देवनागरीच्या भागाला स्वतंत्र भाषा देता येते. फाइल ओडीएसमध्येच, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या प्रकारात, ठेवा. 'पाठवायला सोपं' म्हणून एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केलीत, तर सगळी मेहनत पाण्यात.

जुने फॉन्ट: इथे कोणतीच सेटिंग कामाची नाही

कृतिदेव, श्री-लिपी किंवा तसल्या बिगर-युनिकोड (इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणाऱ्या) फॉन्टमधल्या लाभार्थी यादीचा प्रवास ठरलेला असतो. यादी छापून भिंतीवर लागते, उत्तम दिसते. तीच फाइल मेलने जाते आणि अंध अर्जदाराला स्वतःचं नाव सापडत नाही. कृतिदेवात टाइप केलेला 'मराठी' हा शब्द फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. डोळ्यांना मराठी दाखवतो तो फॉन्ट, आणि स्क्रीन रीडर फॉन्टकडे बघत नाही, अक्षरांकडे बघतो.

ओळखायला दहा सेकंद पुरतात. सेलवर उभे राहा आणि वर फॉर्म्युला बारकडे बघा. तिथे सेलचा फॉन्ट लागत नाही, त्यामुळे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला की समजा. मोठ्या फाइलीत कंट्रोल+एफ, ऑप्शन्स, फॉरमॅट, फॉन्ट असं जाऊन जुन्या फॉन्टचं नाव द्या आणि फाइंड ऑल करा. लपवलेले कॉलम आधी उघडा.

कन्व्हर्टर ज्या त्या फॉन्टचाच वापरा. कृतिदेवचा श्री-लिपीला चालत नाही. रूपांतरानंतर 'कंट्रोल+एस आणि चहा' ही घाई नडते. पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. 'निर्मला' आणि 'कीर्ती' शोधून बघा. ही दोन नावं धड आली तर बाकीचं बहुतेक धड असतं. एकच शीट बदललीत आणि दुसरी तशीच ठेवलीत तर व्हीलुकअप जुळणार नाही. सगळी वर्कबुक एका बैठकीत बदला.

'हिंदी आवाज वाचतोय की!'

वाचतो, पण हिंदीत. 'विज्ञान'चं विग्यान होतं आणि गुणपत्रिकेतले ४९ हे 'एकोणपन्नास' न होता 'उनचास' होतात. लिपी एक म्हणून भाषा एक होत नाही.

एक्सेल भाषा सांगत नाही, म्हणून एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमधली आपोआप भाषा बदलण्याची सोय तिथे हातावर हात ठेवून बसते. आवाज ऐकणाऱ्यानेच निवडायचा. एनव्हीडीए+कंट्रोल+एसने ईस्पीक एनजी हे आवाजाचं इंजिन निवडा, एनव्हीडीए+कंट्रोल+व्हीने आवाज मराठी करा. हा आवाज रोमन लिपीतले शब्द इंग्रजी धर्तीवर वाचतो, त्यामुळे मिश्र यादीही निभते. दर वेळी बदलायचा कंटाळा असेल तर एक्सेल उघडं असताना एनव्हीडीए+कंट्रोल+पीने फक्त एक्सेलपुरतं प्रोफाइल करून ठेवा. ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे ही तक्रार खरी आहे, पण यांत्रिक मराठी हे गोड हिंदीपेक्षा बरं.

बाकीच्या, थोडक्यात

'नाव', 'गाव' ही शीर्षकं रोमन अक्षरांत लिहू नका. कोणत्याच भाषेचा आवाज ती नीट वाचत नाही.

एका सेलमध्ये मराठी आणि इंग्रजी कोंबू नका. दोन कॉलम करा.

सीएसव्हीत भाषेची नोंद नसतेच. सेव्ह करताना निदान 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा; साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

एक्सेलमधून पीडीएफ काढलीत तर ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल+डी दाबा आणि ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या रीडिंग ऑप्शन्सखाली लँग्वेज तपासा. मराठी यादीत नसेल तर त्या चौकटीत एम आणि आर ही दोन छोटी इंग्रजी अक्षरं टाइप करा. वेबपानावर टाकायच्या तक्त्याला लँग हे ॲट्रिब्यूट देतानाही हाच कोड. पानाची भाषा नोंदवणं ही डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीची सर्वांत खालच्या, 'ए' पातळीची अट आहे. आणि हो, फाइल पाठवण्याआधी मॉनिटर बंद करून पहिल्या पाच ओळी स्वतः ऐका.