मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचा प्रवास विमा: या चुका टाळा

युरोपची सहल ठरली की विम्याचे कागद आपोआप तयार होतात, कारण शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण दाखवावेच लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटायला पाच-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील विम्याशिवायच निघतात, किंवा तिकिटाचे पैसे भरताना समोर आलेल्या चौकटीत खूण करून मोकळे होतात. वास्तविक जिथे उपचार सर्वात महाग आहेत आणि मुक्काम सर्वात लांब आहे, तिथेच विम्याचा विचार सर्वात कमी होतो.

काही घरांत पहिला गैरसमज असा असतो की आपला भारतातला मेडिक्लेम आहेच. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातील उपचारांपुरत्याच असतात. परदेशातील उपचारांची सोय वेगळी घेतली असेल तरच ती मिळते. क्रेडिट कार्डासोबत येणारा विमाही बहुधा अपघाती मृत्यूपुरता असतो आणि अनेकदा तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते. मुलाच्या किंवा जावयाच्या नोकरीतल्या आरोग्य विम्यात पाहुण्या म्हणून आलेल्या आई-वडिलांची नावे घालण्याची सोय सहसा नसते, आणि तिथल्या ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना तात्पुरत्या पाहुण्यांसाठी नाही. ‘तिथे रुग्णालय कोणाला परत पाठवत नाही’ असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरमध्ये सहभागी असलेल्या आणि आपत्कालीन विभाग चालवणाऱ्या रुग्णालयांना रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. उपचार फुकट करावेत असे मात्र तो कायदा म्हणत नाही. बिल नंतर येतेच.

आजार लपवणे

ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, आणि ती बहुधा लबाडीपोटी नव्हे तर भाबडेपणाने होते. ‘गोळी चालू आहे, शुगर ताब्यात आहे, मग आजार कसला?’ असे वडील म्हणतात आणि मुलगा अर्जात ‘नाही’ लिहून टाकतो. विमा कंपनीच्या दृष्टीने रोजची गोळी हाच आजाराचा पुरावा असतो. दावा आला की ती भारतातील डॉक्टरांचे जुने कागद मागते आणि त्यांत दहा वर्षांपूर्वीची रक्तदाबाची नोंद सापडली की प्रकरण अडकते.

याच प्रश्नावरचा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००९ साली लग्नासाठी अमेरिकेला गेलेल्या एका भारतीय प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर त्रास सुरू झाला. अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा पूर्वेतिहास पुरेसा सांगितला नाही, असे म्हणून कंपनीने दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला. मधुमेहाची माहिती कंपनीला पॉलिसी देतानाच होती. प्रकृतीची पारख करून एकदा पॉलिसी दिल्यानंतर त्याच स्थितीकडे बोट दाखवून दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्याय मिळाला खरा, पण त्याला बारा वर्षे लागली. अर्जातील नोंदीचे वजन किती असते हे यावरून कळावे. म्हणून आई-वडिलांच्या गोळ्यांचा डबा समोर ठेवूनच अर्ज भरावा, प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते लिहावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. दुसऱ्याला अर्ज भरायला सांगून नुसती सही करू नये.

आजार सांगितला म्हणजे त्यावरचा खर्च मिळेलच, असेही नाही. अनेक पॉलिसी जुन्या आजारावरील उपचार पूर्णपणे वगळतात. काही भारतीय पॉलिसी केवळ जीवावर बेतलेल्या प्रसंगात मर्यादित रक्कम देतात. अमेरिकी योजनांमध्ये जुना आजार ‘अचानक उसळल्यास’ उपचार मिळतील असे लिहिलेले असते. त्याची व्याख्या शब्दशः वाचावी, कारण बहुतेक ठिकाणी लक्षणे पूर्वसूचनेशिवाय उद्भवल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेणे आवश्यक असते. ‘रात्री छातीत दुखत होते, पण म्हटलं मुलांना कशाला उठवायचं’ हा आपल्याकडचा समजूतदारपणा तिथे जीवालाही नडतो आणि दाव्यालाही.

फक्त विम्याची रक्कम पाहणे

पॉलिसीवर ५०,००० डॉलर असे ठळक छापलेले असले तरी ते सगळे हाताशी येतीलच असे नाही. स्वस्त योजनांमध्ये प्रत्येक बाबीला ठरावीक मर्यादा असते: खोलीसाठी दिवसाला इतके, शल्यचिकित्सकाला इतके, रुग्णवाहिकेला इतके. समजा, खोलीची मर्यादा दिवसाला १,५०० डॉलर आहे आणि रुग्णालयाने ६,००० लावले, तर उरलेले ४,५०० डॉलर दर दिवशी मुलाच्या खिशातून जातात, मग पॉलिसीची एकूण रक्कम कितीही मोठी असो. भारतीय कंपन्यांच्या योजनांतही साठी ओलांडलेल्यांना अशा उपमर्यादा लावलेल्या आढळतात. त्यामुळे हप्त्यांची तुलना करण्याआधी मर्यादांचा तक्ता मागून घ्यावा. माझ्या मते अमेरिकेसाठी बाबवार मर्यादांऐवजी बिलाच्या ठरावीक टक्केवारीने खर्च उचलणारी व्यापक योजना घेणेच शहाणपणाचे आहे. हप्ता जास्त असला तरी.

डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक आजारात आधी स्वतः भरायची रक्कम, किती आहे तेही पाहून ठेवावे. साध्या तापासाठी किंवा मुरगळलेल्या पायासाठी थेट आपत्कालीन विभागात जाऊ नये. काही योजनांमध्ये तिथे दाखल न होता परतल्यास वेगळी जादा रक्कम भरावी लागते. अशा तक्रारींसाठी गावोगावी ‘अर्जंट केअर’ दवाखाने असतात.

तारखांचा घोळ

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. दहा तारखेच्या रात्री घरून निघालेला प्रवासी प्रत्यक्षात अकरा तारखेला उडतो. कोणी अमेरिकेत पोहोचण्याची तारीख धरून पॉलिसी घेतो, आणि दुबई किंवा फ्रँकफुर्टला विमान बदलताना काही झाले तर हात चोळत बसतो. पॉलिसी घर सोडण्याच्या दिवसापासून सुरू करावी. भारतीय पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. अमेरिकी योजना तिथे पोहोचल्यावरही मिळू शकते, पण मधले दिवस उघडेच राहतात.

मुक्काम लांबला तर मुदत संपण्याआधीच पॉलिसी वाढवून घ्यावी. खंड पडून नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या मुदतीत निघालेला आजार नव्या पॉलिसीत ‘जुना’ ठरतो.

प्रसंग ओढवल्यावर

जीवावरचा प्रसंग असेल तर आधी ९११ (तिथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक), मग विमा कंपनी. दाखल झाल्यावर मात्र त्याच दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक केवळ आई-वडिलांच्या पिशवीत नव्हे, तर मुलगी, जावई आणि भारतातील एका नातेवाईकाकडेही असावा. रुग्णालयाच्या खिडकीवर विम्याचे कार्ड दाखवावे आणि बिल थेट कंपनीकडे पाठवण्यास सांगावे.

तिथे एकच बिल येत नाही. रुग्णालय, आपत्कालीन विभागातील डॉक्टर, क्ष-किरण तज्ज्ञ, रुग्णवाहिका यांची बिले स्वतंत्रपणे आणि कित्येकदा आई-वडील पुण्याला परतल्यानंतर येतात. मुलाने ती बाजूला टाकू नयेत. प्रत्येक बिलाचा बाबवार तपशील मागवून दाव्यासोबत जोडावा. विमा नसेल किंवा अपुरा पडला असेल, तर रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्य विभागाकडे अर्ज करावा. करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना असे लेखी धोरण ठेवावेच लागते, मात्र पाहुण्यांना ते लागू होते की नाही हे प्रत्येक रुग्णालयावर अवलंबून असते.

सामानाबाबत एकच सांगणे: बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडे लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी, कारण विम्याचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

भारतीय कंपनीने दावा नाकारल्यास नकाराचे कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. त्याला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. कंपनीचे उत्तर आल्यापासून वर्षभराची मुदत असते. अमेरिकी कंपनीची योजना असेल तर आपला लोकपाल उपयोगी पडत नाही. तिथल्या राज्याच्या विमा विभागाकडे दाद मागावी लागते, आणि ती धावपळ तिथे राहणाऱ्या मुलालाच करावी लागते.