गगनबावड्याकडच्या केंद्रावर निघण्यापूर्वी

दूध संकलनाचं अँड्रॉइड ॲप कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात इम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) बिनबोभाट चालतं आणि गगनबावड्याकडच्या केंद्रावर दूध संस्थेच्या सचिवांच्या फोनवर फॅट नोंदवताना पटकन बंद होतं. अशा वेळी कोडमध्ये डोकं घालण्याआधी निघायची तयारी करा.

ज्या बिल्डवर (ॲपच्या तयार केलेल्या आवृत्तीवर) क्रॅश झाला तीच रिलीज एपीके (फोनवर बसवायची फाइल) आणि त्याच बिल्डची मॅपिंग फाइल (आखडलेल्या नावांची मूळ नावं सांगणारी) लॅपटॉपवर घ्या. बिल्ड करताना चालणारं आर-एट हे साधन कोडमधली नावं आखडून टाकतं, त्यामुळे मॅपिंगशिवाय स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅश कोडमध्ये कुठं झाला त्या यादीत) ए, बी, सी एवढंच दिसतं. पुढचं रिलीज बिल्ड झालं की जुन्या फाइलच्या जागी नवी येते, म्हणून ती दर रिलीजला बाजूला काढून ठेवलेली हवी. केबल डेटाची आहे का, हे घरीच बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर ॲडीबीला (लॅपटॉपवरून फोनशी बोलणाऱ्या साधनाला) फोन दिसत नाही.

जास्तीच्या लॉगचं (ॲप आत काय करतंय ते लिहून ठेवणारं) तपासणीचं बिल्ड सोबत न्या, पण त्याचा ॲप्लिकेशन आयडी (फोन ज्यावरून ॲप ओळखतो ते नाव) वेगळा ठेवा. आयडी तोच आणि बिल्डची डिजिटल सही वेगळी असेल तर फोन ते बसवून घेत नाही. मग कुणीतरी घाईनं जुनं ॲप काढून टाकतं आणि सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी त्याबरोबर जातात. त्या नोंदी म्हणजे शेतकऱ्याच्या दुधाचा हिशोब आहे, इथं गाफील राहून चालणार नाही.

ऑफिसातच एक जुना, कमी रॅमचा फोन घेऊन डेव्हलपर पर्यायांतलं ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ (स्क्रीन सोडली की ती लगेच मिटवणारं) चालू करा आणि नेटवर्क मुद्दाम संथ करून बघा. बरेच क्रॅश तिथंच सापडतात, फेरी वाचते.

केंद्रावर सचिवांना विचारूनच फोन हातात घ्या. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, लॉगचा बफर (लॉग साठवायची जागा) वाढवा आणि नोंद त्यांनाच करू द्या, त्यांच्या नेहमीच्या वेगानं. क्रॅश झाला की लॉगमधल्या ‘फेटल एक्सेप्शन’च्या पुढचा शब्द, म्हणजे क्रॅश झालेल्या थ्रेडचं (कामाच्या धाग्याचं) नाव, आधी वाचा. तिथं ‘मेन’ (स्क्रीन चालवणारा मुख्य थ्रेड) असेल तर बहुधा उशिरा आलेलं उत्तर मिटलेल्या स्क्रीनला हात लावतंय: दर मागवला, घाटात रेंज गेली, तेवढ्यात सचिव मागे जाऊन पुढच्या सभासदाकडे वळले. ऑफिसच्या वायफायवर उत्तर क्षणात येतं, म्हणून ही गाठ कधी पडतच नाही. ‘डिफॉल्टडिस्पॅचर-वर्कर’ (मागे चालणारा थ्रेड) असेल तर कोरुटीनमध्ये (स्क्रीन न अडवता चालणाऱ्या कामात) नेटवर्कची चूक कुणी पकडलीच नाही, किंवा मागच्या थ्रेडवरून थेट व्ह्यू (स्क्रीनवरचा घटक) बदलला, इथून सुरुवात करा.

ब्रेकपॉइंटचा (कोड मध्येच थांबवून बघण्याचा) मोह टाळा. थ्रेड थांबला की घटनांचा क्रम बदलतो आणि क्रॅश दडून बसतो. त्यापेक्षा प्रत्येक मागणी सुटताना आणि उत्तर परतताना वेळ, थ्रेडचं नाव आणि स्क्रीन जिवंत आहे का, एवढं लॉगमध्ये लिहा. दोन ओळींमधलं अंतर बघितलं की कोण कुणाच्या आधी पोहोचलं ते कळतं. स्क्रीन दाखवण्यापुरतं काम असेल तर ते स्क्रीनच्या आयुष्याला बांधा; नोंद पाठवण्याचं काम मात्र अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे (मागे कामं पुरी करणाऱ्या सोयीकडे) द्या, स्क्रीन मिटली म्हणून ते अर्ध्यात सुटता कामा नये.

संध्याकाळचं संकलन सुरू होण्याआधी डीबगिंग बंद करून फोन परत द्या. लॉगची फाइल टीमला पाठवताना सभासदांची नावं आणि खाते क्रमांक आधी काढा.